काथवटीतली कोरडी माती

हे सारं घडलं ते दोन हजार एकवीस सालच्या आषाढात, बकरीदच्या दुसऱ्या दिवशी. महाडात कुणालाही विचारा, त्या दिवसाचं नाव काढलं की माणूस आधी भिंतीकडे बघतो आणि पाणी कुठवर चढलं होतं ते हातानं दाखवतो. माझ्या अंगावरही त्या दिवसाची खूण आहे. ती पाण्यानं केलेली नाही. दोन म्हाताऱ्या मैत्रिणींनी केलेली आहे.

मित्रांनो, मी एक जुनी काथवट आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी काथवट पाहिलीही नसेल. एकाच लाकडात कोरलेली, उथळ, रुंद परात समजा. पूर्वी कोकणात घरोघर माझ्यासारख्या काथवटी असत आणि त्यांत भाकरीचं पीठ मळत. माझं लाकूड शिवणीचं. पोलादपूरच्या वर, उमरठच्या बाजूला डोंगराच्या कुशीत एक लहानशी वाडी होती, तिथे हैबती सुतार राहायचे. त्यांनी वाकसानं मला तासलं, काचेच्या तुकड्यानं घासलं, आणि पोटभर तेल पाजून आढ्याला टांगलं. लाकूड घाईनं वापरलं की रागावतं, असं ते म्हणत.

महाडला जुलेखाचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईनं मला मागवून घेतलं. हैबती मला पोचवायला निघाले तर त्यांची लेक ठकू हट्ट करून बरोबर आली. मला तिनं डोक्यावर पालथं घेतलं होतं. छत्रीच म्हणा. चवदार तळ्याच्या अलीकडच्या आळीत, मेंदी लावून बसलेल्या नवरीनं तिला पाहिलं आणि ती खो खो हसली.

"काथवट चालत आली गो माझी!" जुलेखा म्हणाली.

"चालून चालून पाय मोडले तिचे. कायतरी खायला दे," ठकू म्हणाली.

त्या दिवशी जी मैत्री जडली ती दोघी म्हाताऱ्या होईतो टिकली. ठकूबाई डोंगरातून शेवळं, टाकळा, बांबूचे कोंब घेऊन बाजाराला उतरायची, आणि भाजी विकून झाली की पाय सोडून बसायला जुलेखाच्याच पडवीत यायची.

माझे कामाचे दिवस फार चांगले गेले. तांदळाच्या पिठाची उकड माझ्यात पडे, तिची वाफ माझ्या लाकडात मुरे, आणि जुलेखाचे हात ती मळत. तिची भाकरी पातळ, पांढरी, आणि चारी बाजूंनी फुगणारी. पाहुणे म्हणत, जुलेखाबीच्या भाकरीला तोडच नाही. ती हात न उचलता म्हणायची, "माझं काय, काथवट गुणाची हाय." मला अजून ते ऐकू येतं.

मग स्टीलची परात आली. मला जिन्याखाली ठेवलं. कांदे राहिले माझ्यात, मग लसूण, मग रद्दी. एका पावसाळ्यात मांजर व्याली. वाईट वाटायचं, पण पिल्लं ऊबदार होती आणि मला कुणीतरी हवंच होतं.

जुलेखाचा नवरा वारला. एकुलता मुलगा इल्यास नोकरीला कुवेतला गेला. म्हातारपणी जुलेखाला कातडीचा आजार जडला. चेहरा, हात, पाय, सगळीकडची कातडी कोरड्या शेतासारखी भेगाळली. पाणी लागलं की भेगा फाटत आणि रक्त येई. डॉक्टरांनी बजावलं, पाणी अंगाला लावायचं नाही.

तिला आजाराचं दुःख नव्हतं एवढं वजूचं होतं. नमाजेपूर्वी हात, तोंड, पाय पाण्यानं धुवायचे, भिजल्या हातानं डोक्यावरून पुसायचं, तो वजू. लहानपणापासून दिवसातून पाच वेळा तिनं ते केलेलं. पितळी बधन्याच्या तोटीतून मनगटावर पडणारं गार पाणी तिला स्वप्नात दिसायचं. आजारी माणसाला धर्मानं सोय ठेवलेली आहे. पाणी चालत नसेल तर स्वच्छ, कोरड्या मातीवर हात मारायचे, आणि ते तोंडावरून व हातांवरून फिरवायचे. त्याला तयम्मुम म्हणतात. जुलेखाच्या घरी जी रीत होती तीत मातीला धूळ हवी. ओली माती चालत नाही.

आता सांगा, कोकणात पावसाळ्यात कोरडी माती कुठून आणायची? भिंतींना ओल, गाद्यांना ओल, मिठाच्या बरणीत पाणी. म्हणून जुलेखानं सुक्या मासळीची, मिरचीची, पापडांची बेगमी करतात तशी मातीची बेगमी करायचं ठरवलं. तिनं ठकूबाईला सांगितलं, "तुझ्याकडची माती आण गो. इथं शहरात गटारं. पण शेतातली नको, शेतात शेणखत असतं. जिथं गुरं उभी राहत नाहीत तिथली आण."

ठकूबाईनं हसून घेतलं. "आमच्याकडं माती फुकट हाय म्हणून एवढा तोरा काय? जागा पण तूच सांगणार?"

पण तिनं मनावर घेतलं. वाडीत तिच्या घरामागे डोंगराचा उभा कापलेला कडा होता. वरून झाडोऱ्याचं छप्पर आल्यामुळे खालची माती कोरडीठाक राही आणि तिथे गुरं जात नसत. तिथून ती दर वैशाखात एक फडकंभर माती खणायची, उन्हात घालायची, चाळायची आणि महाडला आणायची. ती ठेवायला भांडं हवं म्हणून जुलेखानं मला जिन्याखालून काढलं. घासलं. उन्हात ठेवलं. पिठाच्या जागी माझ्यात माती आली.

मित्रांनो, ती माती फार मऊ होती. तपकिरी, दळल्यासारखी. त्यावर जुलेखाचे भेगाळलेले पंजे हलकेच पडत, धूळ उडे, आणि ती फुंकर घालून जास्तीची झटकून टाकी. पीठ मळणारे हात मी ओळखत होते. तेच हात होते, फक्त आता ते काही मागत होते. मी पुन्हा कामाची झाले होते. आणखी काय हवं?

त्या वर्षी ठकूबाई बकरीदच्या दिवशी भारंगीची भाजी घेऊन आली. मटणाचं ताट पुढे आलं तशी जुलेखानं तिला टोमणा मारला.

"काल एकादशी धरलीस ना गो?"

"धरली. आज सोडली," ठकूबाई म्हणाली आणि दुसरी भाकरी घेतली.

संध्याकाळपर्यंत पाऊस असा लागला की पोलादपूरकडची एसटी निघालीच नाही. ठकूबाईनं सून दर्शनाला फोन लावला. ठकूबाईचा मुलगा किशोर मुंबईला कारखान्यात होता. वाडीतल्या घरात दर्शना एकटी होती.

"आत्या, तुम्ही तिकडंच राव्हा," दर्शना म्हणाली. "गुरं शेजारचे मोरूभाऊ बघतात. माझी काळजी नको. तुमच्यासारखी मी काय पावसाला भिते?"

"मी भिते? वाडीतला पाऊस तुझ्याआधी मी पाह्यलाय गो बये," ठकूबाई म्हणाली आणि हसत फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. आधी आळीतून चपला वाहत आल्या, मग पाणी उंबरठा ओलांडून आत आलं. तपकिरी, घाण, तेलाचा वास असलेलं. सावित्री आणि गांधारी नदी, तळं आणि आमची आळी, कुठलं काय ते कळेना. ठकूबाईनं जुलेखाला धरून, ओढून, पाठीनं ढकलून माळ्यावर चढवलं. मग ती पुन्हा खाली उतरली. बधनाभर प्यायचं पाणी आणि कालच्या भाकऱ्या वर दिल्या. तिसऱ्या खेपेला कंबरभर पाण्यातून मला डोक्यावर घेऊन आली. आता पालथी नाही, उताणी, आणि माझ्यात त्या वर्षीची सगळी माती. पाण्याचा एक थेंब माझ्यात पडू दिला नाही तिनं.

"मेली असतीस मातीपायी," जुलेखा ओरडली.

"मग तू आयुष्यभर माझ्या नावानं बोंबलली असतीस. माझी नमाज चुकवली ठकूनं म्हणून," ठकूबाई म्हणाली. तिच्या दातांवर दात आपटत होते.

दुपारची नमाज जुलेखानं माझ्यातल्या मातीवर हात मारून पढली. खाली गॅसची टाकी भिंतीवर धडका देत होती. दोघींनी अर्धी अर्धी भाकरी खाल्ली. दर्शनाचा फोन लागत नव्हता. ठकूबाई म्हणाली, टॉवर गेला असेल. घाटात कुठं दरड आली असेल. आम्हाला दरड म्हटलं की कशेडीचा घाट आठवायचा, ट्रकांच्या रांगा आणि वडापाव विकणारी पोरं. दरड घरावर येते हे आमच्या डोक्यात नव्हतं.

उन्हं असती तर उतरली असती, अशा वेळी ठकूबाईच्या कनवटीतला फोन वाजला. किशोर होता. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला.

"आये, तू कुठं हायेस?"

"महाडला हाय रे, जुलेखाकडं. पाणी भरलंय. माळ्यावर हाव."

"तू वाडीत नायेस?" तो म्हणाला.

"काय झालं? किशोर, बोल."

"आये, डोंगर खाली आला. दुपारच्या आधीच. मोरूभाऊ गुरांसंगती पल्याड होता म्हणून वाचला. त्यानं आताशी फोन केला, चालत लांब येऊन. तो बोलतो, आपलं घर दिसत नाय. घर व्हतं तिथं नुसती माती हाय."

"दर्शना कुठाय?"

"आये, दर्शना घरात व्हती."

फोन तुटला. ठकूबाईनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग तो बंदच पडला. ती रडली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. असं कुणी माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

"मी पोखरला गो," ती हळू म्हणाली. "कडा मी पोखरला. दरसालाला. घरामागचाच."

"ठकू, काय बोलतेस?"

"तू बोललीस गुरं जात नाय तिथली आण. मी तिथलीच आणली. डोंगराचं मूळ खणून आणलं तुला."

"मूठभर मातीनं डोंगर पडतो काय गो? वेडी झालीस?"

"पडला ना!" ठकूबाई किंचाळली. "पडला ना माझ्या घरावर!"

बाहेर पाऊस कोसळतच होता. असरची वेळ झाली होती. दिवस मावळायच्या आत ती नमाज पढायला हवी होती. जुलेखा सरकत माझ्याजवळ आली. तिच्या डोळ्यांतून पाणी गालांवरच्या भेगांत उतरत होतं आणि तेही तिला झोंबत असणार.

"मला पढू दे," ती म्हणाली. "दर्शनासाठी मागते मी. मोरूनं काय बघितलं? नुसतं लांबून बघितलं. ती आत जिवंत असेल. कुठं तुळईखाली असेल. मला मागू दे गो तिच्यासाठी."

तिनं हात उचलले. ठकूबाईनं मला खस्सकन ओढलं.

"या मातीला हात लावायचा नाय. हिनं माझी सून खाल्ली."

"ठकू, वेळ जातोय. दर्शनासाठीच गो. सोड."

"नाय सोडणार."

"अशी बिनतयम्मुमाची कशी पढू? नीट पोचेल का माझं मागणं? सोड ना गो, तुझ्या पाया पडते."

एका काठाला जुलेखाचे हात होते, दुसऱ्याला ठकूबाईचे. मित्रांनो, मला माणसांनी घासलं, आपटलं, विसरलं, पण माझ्यावरून अशी ओढाताण कधी झाली नव्हती. दोघींची बोटं मी ओळखत होते. एकीनं मला डोक्यावरून आणलं, दुसरीनं मला आयुष्यभर वापरलं. मला ओरडावंसं वाटलं. लाकडाला ओरडता येत नाही, ते फक्त तडकतं. मी तडकले. माझ्या काठाचा एक तुकडा जुलेखाच्या हातात राहिला, मी कलंडले आणि सगळी माती माळ्याच्या ओल्या फळ्यांवर सांडली. कौलांतून गळणारं पाणी तिच्यात शिरलं. बघता बघता तिचा चिखल झाला.

दोघी त्याकडे बघत बसल्या.

बधन्यात पाणी होतं. जुलेखानं त्याच्याकडे एकदा पाहिलं. ते प्यायचं होतं, आणि सकाळ होईल की नाही कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं बधना ठकूबाईच्या तोंडाला लावला. "पी. कोरड पडली असेल." ठकूबाईनं मान फिरवली. जुलेखानं तिची हनुवटी धरून, लहान पोराला पाजतात तसं पाजलं. मग ती तशीच, चिखलानं माखलेल्या हातांनी, ना पाण्यानं शुद्ध ना मातीनं, बसल्या बसल्या नमाज पढली. काहीच मिळेनासं झालं तर आहे तसं पढावं आणि पुढे ती नमाज पुन्हा पढून द्यावी, अशी रीत आहे हे तिला माहीत होतं. पण तिचा चेहरा मी पाहिला. आत जाऊ देतील की नाही याची खात्री नसलेल्या माणसाचा तो चेहरा होता. दुआ मागताना ती "दर्शना, दर्शना" एवढंच म्हणत होती. ठकूबाईनं भिंतीकडे तोंड करून कानांवर हात ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी होडी आली आणि माणसांनी दोघींना उतरवलं. मी माळ्यावरच राहिले.

पुढे कुणाचं काय झालं ते सांगते.

दर्शनाला लोकांनी मातीतून बाहेर काढलं. तिच्यात जीव नव्हता. कमरेला घराची किल्ली होती. घर मात्र सापडलं नाही.

मोरूनं गुरं विकली. आता तो पोलादपूरच्या नाक्यावर वाहनं धुतो आणि पाऊस वाढला की काम सोडून रस्त्यावर येऊन डोंगराकडे बघत उभा राहतो.

किशोर मुंबईची नोकरी सोडून आला. वाचलेल्या लोकांना पत्र्याच्या खोल्या मिळाल्या, तिथे तो आईजवळ राहतो. डोंगर बघायला आलेल्या माणसांनी त्याला दाखवलं होतं की भेग वर, पार माथ्याला गेली होती, आणि तिच्यात पाणी शिरलं. त्यानं आईला ते पुष्कळदा सांगितलं. ती ऐकून घेते, मान हलवते आणि उठून जाते.

जुलेखा पूर ओसरल्यावर घरी परतली. इल्यासनं कुवेत सोडलं आणि महाडात लहानसं दुकान टाकलं. पावसाळा संपल्यावर त्यानं कुठूनशी माती आणून दिली, ती एका स्टीलच्या डब्यात राहिली. जुलेखानं त्या दिवसाची असर पुन्हा पढून दिली. एकदा पढली की पुरे होती. ती रोज पढत राहिली. इल्यास म्हणायचा, "अम्मा, फिटली ती केव्हाच." ती म्हणायची, "फिटली असेल. पण त्या दिवशीचं मागणं पोचलं नाय रे. पोचलं असतं तर पोर वाचली असती." ठकूबाईला तिनं हे कधी सांगितलं नाही. दोघी भेटत होत्या, बसत होत्या, पण त्या दिवसाचा विषय दोघींच्या मध्ये माझ्यासारखा फुटका पडून होता. जुलेखा म्हणत होती दुआ अशुद्ध होती, ठकूबाई म्हणत होती माती पापी होती. आणि मित्रांनो, डोंगर तर दुपारच्या आधीच आला होता. नमाजेच्या कितीतरी आधी. मी दोघींच्या मध्ये होते, मला हे कळत होतं, मला सांगता आलं नाही.

पुढच्या थंडीत जुलेखा गेली. आळीतल्या बायकांनी तिला शेवटची आंघोळ घातली. त्या पाण्यात बोरीचा पाला वाटून घालतात. वाटलेला पाला ठेवायला भांडं सापडेना, तेव्हा इल्यासनं मला माळ्यावरून काढलं. माझ्या फुटक्या काठातून बायका पाला घेत होत्या आणि बधन्याच्या तोटीतून पाणी तिच्या मनगटांवर पडत होतं. किती वर्षांनी पडत होतं! त्या पाण्यानं तिची कातडी फाटली नाही.

ठकूबाई आली होती. ती दाराशी बसून होती. कबरीत तीन तीन मुठी माती द्यायची असते. बायका तिकडे जात नाहीत, म्हणून इल्यास ओणवा होऊन तिला म्हणाला, "ठकूमावशी, तुझ्या हातची मूठभर माती दे. मी नेऊन घालतो. अम्माला तुझीच माती लागायची."

ठकूबाईनं दोन्ही हात पदराखाली लपवले.

मग त्यानं मला तिच्या हवाली केलं. "तुझ्या बाबांच्या हातची हाय," तो म्हणाला. तेव्हापासून मी त्या पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकून असते. तिनं माझ्यात काही ठेवलेलं नाही. पीठ नाही, धान्य नाही. शेतावर ती जात नाही, दारात तुळसही लावत नाही. पण रोज सकाळी उठून ती ओल्या फडक्यानं मला आतून पुसते. शिवणीचं लाकूड अशा ओलीनं कुजतं, हैबतींच्या लेकीला हे ठाऊक असणारच. तरी ती पुसते. माझ्यात धुळीचा कणही बसू देत नाही.

मित्रांनो, इतर जुनी भांडी तुम्हाला सांगतात, आम्हाला टाकू नका, जपा. मी माझ्यासाठी मागत नाही. मी कुजले तरी चालेल. तुम्ही कधी पोलादपूरच्या वर गेलात आणि पत्र्याच्या खोलीच्या दारात हात पदराखाली घेऊन बसलेली म्हातारी दिसली तर क्षणभर थांबा. तिला सांगा, ती माती वर्षाकाठी एक काथवटभरसुद्धा नव्हती. मी ती पोटात वागवलेली आहे. किती होती ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तिच्यानं डोंगर पडत नाही. तिच्यानं फक्त एका आजारी बाईचे हात शुद्ध व्हायचे.

मुलाचं तिला पटलं नाही. जुलेखा राहिली नाही. मला बोलता येत नाही. तुम्ही सांगा. लवकर सांगा.